काडी काढणारा माणूस

वडिलांची दोन बोटं भोसरीतल्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसनं खाल्ली, तेव्हा मी चौथीत होतो. पुढं आई लोकांची धुणीभांडी करायची आणि वडील आठ बोटांनी भाजी विकायचे. त्यातून मी घरातला पहिला इंजिनिअर झालो, चाकणला तसल्याच प्रेसच्या कारखान्यात सुपरवायझर लागलो, आणि तिथं काय दिवे लावले ते ऐका.

प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. टार्गेटसाठी आमची माणसं एका बटणात काडी खोचून ते दाबलेलंच ठेवायची, एका हातानं भराभर माल काढायची आणि मी छताकडं बघायचो.

मग ठेकेदारानं एक ढेरपोट्या माणूस पाठवला. नाव मी विचारलंच नाही. तो आल्या आल्या काडी उपसायचा आणि तिनंच निवांत दात कोरायचा.

"काका, टार्गेट काय दात कोरून होणार?" मी ओरडलो.

"साहेब, बायकोनं दहा बोटं देऊन पाठवलंय. घरी गेलो की मोजून घेती."

सगळी लाइन हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रेसवाल्यानं काडी काढली. "काय राव, वहिनी पण मोजायला लागल्या का?" म्हणून त्याची टिंगल झाली. पण पंधरा दिवसांत मोजणाऱ्या वहिनी वाढतच गेल्या. शेवटी मीही मॅनेजरच्या शिव्या खाऊन टार्गेट कमी करून आणलं.

काकांना ठेकेदारानं दुसरीकडं हलवलं. नाव विचारायचं राहिलंच.

आज आमच्या लाइनवर एकाही बटणात काडी नाही, आणि सगळ्यांची बोटं दहाच्या दहा आहेत.