सासऱ्यांना वाट देणारा राक्षस

तो खेळ आता माझ्या फोनमध्ये नाही. फोनची जागा भरली तेव्हा मीच काढून टाकला. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, मुलगा संभाजीनगरला शिकायला गेला, अण्णांना मोतीबिंदूनंतर बारीक पडद्यावरचं दिसेना. खेळायला गडीच उरले नाहीत. त्या खेळाला पाच माणसं लागतात, चार पळणारी आणि एक पकडणारा. माणसं कमी पडली तर खेळ आपणच कुठूनतरी अनोळखी गडी आणून बसवतो. पण ज्याला हाक मारता येत नाही, शिव्या देता येत नाहीत, त्याच्याबरोबर काय खेळायचं?

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात बरोबर पाच माणसं होती. त्याआधी सहा होतो. थंडीत आई गेली.

मी मानवतला एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची आणि फरक लिहायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे वजाबाकी आपोआप होते. सहातून एक गेलं की पाच राहतात, असं मी धरलं होतं. पण आई गेल्यावर आम्ही चारच राहिलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात असून नव्हते.

अण्णा शाळेत खेळाचे मास्तर होते. पाथरी तालुक्यातल्या खेड्यांतून त्यांनी खो-खोचे संघ उभे केले, मैदानं स्वतः आखली, पंच म्हणून शिट्ट्या फुंकल्या. आवाज असा की दोन शेतं पलीकडून ओळखू यावा. तो माणूस मागच्या खोलीत जाऊन बसला. ताट नेऊन दिलं की जेवायचे, विचारलं तर एका शब्दात उत्तर. आईचं नाव काढायचं नाही. भेटायला आलेल्यांनी तिचा विषय काढला की उठून आत जायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाकी सगळं ठीक आहे, यांना माणसांत बसवा. आम्हाला तेवढंच हवं होतं. ते आमच्यात येऊन बसावेत. पण कसं, ते कळत नव्हतं. देवळात नेलं, पाच मिनिटांत परत आले. पारावर नेलं, तर चप्पल न काढताच वळले.

मे महिन्यात जिनिंग बंद असतं, त्यामुळे मी दुपारी घरी असायचो. बाहेर उन्हात कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलर फक्त पुढच्या खोलीत, म्हणून सगळे तिथे. अण्णा मात्र मागे पंख्याखाली गरम हवा खात पडलेले.

पुढच्या खोलीत मुलांचा आरडाओरडा चालायचा. "आला, आला, माझ्या मागं आला!" "पळ की, भिंतीआड शीर!" एकदा मी मुलाला विचारलं, हे आहे तरी काय. त्यानं समजावलं. एक पडकी जागा असते, कधी बंद पडलेला दवाखाना, कधी ओसाड जत्रा. चौघांनी तिथे विखरून पाच बत्त्या पेटवायच्या, म्हणजे फाटक उघडतं आणि सुटता येतं. एक जण राक्षस होतो. तो शोधत येतो, कुऱ्हाडीनं पाडतो, उचलून पिंजऱ्यात टाकतो. पण दुसरा गडी जिवावर उदार होऊन आला आणि त्यानं पिंजऱ्याला हात लावला, तर आतला सुटतो.

"हे तर डबा ऐसपैस आहे," मी म्हणालो. "राज्य एकावर, बाकीचे लपलेले. एकानं येऊन डबा उडवला की सापडलेले सगळे सुटले."

"पप्पा, ह्यात अंधार असतो, धुकं असतं, राक्षसाला शिंगं असतात," मुलगी म्हणाली.

"आमच्यात बाभळीचे काटे होते. आणि डबा खरा लागायचा."

दुसऱ्या दिवशी मी खेळायला बसलो. दोन दिवसांनी बायकोलाही ओढलं. ती पळणारी झाली की अडचण व्हायची. राक्षस जवळ आला की फोनमधून काळजाचे ठोके ऐकू येतात, ते सुरू झाले की ती किंचाळून फोन टाकून द्यायची. शेवटी मुलगी म्हणाली, "मम्मी, तूच राक्षस हो." त्यात मात्र ती तरबेज निघाली. कुणाचे पाय कुठे वाजतात, कोण कुठल्या कपाटात लपतं, तिला बरोबर कळायचं.

"सगळ्यांना इतकं बरोबर कशी गं शोधतेस?" मी विचारलं.

"दिवसभर तुमच्या सगळ्यांच्या मागं मीच तर पळते. टॉवेल कुठं टाकला, डबा कुठं विसरला. हे काय नवीन हाय मला?"

एक गडी तरीही कमी पडत होता. आईचा फोन कपाटात तसाच होता. मुलानं तो चार्ज केला. त्यात खेळ मावेना, म्हणून आईची भजनं आणि फोटो आधी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, दोनदा तपासले, मग जागा केली. मुलगा फोन घेऊन मागच्या खोलीत गेला. मी दाराशी उभा होतो.

"आबा, एक गडी कमी पडायलाय."

अण्णांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनचं लाल कव्हर आईनं स्वतः बाजारातून आणलेलं. त्यांनी हात पुढे केला. फोनमुळे केला, की आयुष्यभर ज्यानं संघ भरले त्याला हे वाक्य ऐकून बसवेना म्हणून केला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ते पुढच्या खोलीत येऊन गादीवर बसले.

सुरुवातीला अण्णांचा गडी भिंतीला तोंड लावून पळत राहायचा. अंगठा वळायचा नाही. ठोके वाजले तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"हे माझं वाजायलंय का फोनचं?"

"फोनचं आबा, फोनचं. राक्षस जवळ आलाय!"

"मंग सांगायचं न्हाई का आधी!"

आठवड्याभरात त्यांना खेळ कळला. अंगठा नाही सुधारला, पण नजर जुनीच होती. ते स्वतःपेक्षा आम्हालाच जास्त खेळवायचे. "कोपऱ्यात शिरू नको, कोपऱ्यात मरण हाय! तो रसाचा गाडा मधी ठेव अन् गाड्याभोवती फिर. ती इकडून आली की तू तिकडून. हुलकावणी दे, सरळ काय पळतोस म्हशीवानी!" तो आवाज परत आला होता. दुपारचा चहा ते आमच्यात घ्यायला लागले. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून मुलीला खांबाभोवती वळायचं कसं ते हातवारे करून सांगायचे. मी आणि बायको एकमेकांकडे बघायचो आणि काही बोलायचो नाही, बोललो तर मोडेल म्हणून.

मोडलं ते मात्र वेगळ्याच कारणानं.

एका डावात मी लवकर बाद झालो. बाद झालेल्याला बाकीच्यांचा खेळ बघता येतो. मी अण्णांच्या गड्याकडे पाहत होतो. ओसाड जत्रेत पाळण्याशेजारी तो उभा होता, नीट लपलासुद्धा नव्हता. धुक्यातून राक्षस आला. शिंगं, खांद्यावर कुऱ्हाड. अण्णांच्या समोर आला, थांबला, दोन पावलं मागे सरकला, बाजूला होऊन भिंतीला लागला आणि वाट देऊन उभा राहिला.

हे मी रोज पाहत होतो. आमच्या घरातला बोळ अरुंद आहे. अण्णा तिथून यायला लागले की माझी बायको पदर सावरून अशीच भिंतीला लागते आणि ते पुढे गेल्याशिवाय हलत नाही. लग्न झालं तेव्हापासून.

मला हसू फुटणार होतं. पण अण्णांचा चेहरा दिसला आणि हसू गेलं. त्यांनी आपला गडी मुद्दाम त्या राक्षसाच्या पुढ्यात नेला. राक्षस आणखी मागे सरकला.

"मी आजवर एकदातरी बाद झालो का रे?" अण्णांनी विचारलं.

मुलगा खाली बघत होता. मुलांना माहीत होतं, त्यांनी आपसात त्याला नावही दिलं होतं. शेवटी मुलीच्या तोंडून निघालं, "आबा, तुम्ही कच्चं लिंबू आहात ना."

कच्चं लिंबू म्हणजे खेळातलं सगळ्यात लहान पोर. हट्ट करतं म्हणून खेळायला घ्यायचं, सगळ्यांबरोबर पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. फक्त त्याला ते सांगायचं नसतं.

"पाचवीतलं पोरगं दहावीच्यात उतरलं तरी मी त्याला बाद दिला," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "बाद देत न्हाईत म्हणजे त्याला मोजतच न्हाईत." फोन गादीवर ठेवला आणि मागच्या खोलीत गेले.

त्या दिवशी चहा तिकडेच न्यावा लागला. दुसऱ्या दिवशीही. मुलगा दोनदा बोलवायला गेला. "खेळलो की आता. बास झालं," एवढंच उत्तर. ताट जाऊ लागलं, रिकामं येऊ लागलं. आम्ही पुन्हा थंडीत होतो तिथेच येऊन बसलो होतो.

बायको माझ्यावरच उखडली.

"मी काय वाईट केलं? मामांच्या अंगावर कुऱ्हाड घिऊन जाऊ का?"

"अगं, तो राक्षस आहे. तू नाहीस."

"चालवतंय कोण? बोट माझंच हाय न्हवं? त्यांनी पाणी मागितलं तर मी मान खाली घालून देते, अन् तिथं डोक्यात घालू?"

"त्यांना तेच पाहिजे आहे."

"तुमचं बरं हाय. बापाशी भांडायला मुभा हाय तुमाला. मला कुणी दिली?"

खरंच कुणी दिली नव्हती. आईनं दिली नव्हती, अण्णांनी दिली नव्हती, मी तर कधी विचारही केला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरात घासायला लागली. मी जरा वेळानं जाऊन बघितलं तर ती भांडी तशीच सोडून हात पुसत होती.

मग ती बोळातून मागच्या खोलीकडे निघाली. एरवी ती दाराबाहेर उभी राहून बोलते. आज उंबरा ओलांडून आत गेली. मी आणि मुलं बोळात कान देऊन उभे.

"मामा, खेळायला या."

"तुमी खेळा."

"आज सोडणार न्हाई मी तुमाला."

आत पलंग करकरला.

"सोडणार न्हाईस म्हंजे?"

"पहिलं तुमालाच धरणार. मंग बाकीच्यांना."

"धरशील?" अण्णा म्हणाले. "हुलकावणी म्हंजे काय हे तरी म्हाईत हाय का तुला?"

"तुमी शिकवताना मी चहा करत होते तरी कान उघडे होते माझे."

अण्णा आले. गादीवर आपल्या जागी बसले, फोन हातात घेतला. डाव त्याच जत्रेत पडला. बायको खरोखर आमच्यातल्या कुणाकडे वळली नाही. मुलगा तिच्या समोरून गेला, तिनं बघितलं नाही. ती सरळ अण्णांच्या मागे. अण्णांनी उसाच्या रसाचा मोडका गाडा मध्ये घेतला आणि त्याच्याभोवती फिरायला लागले. ती उजवीकडून, ते डावीकडून. ती उलटी वळली, तेही वळले. खोलीत फक्त कूलरचा आवाज आणि ते ठोके. आम्ही बत्त्या पेटवायच्या सोडून बघत होतो.

मग तिनं उजवीकडून निघाल्याचं दाखवलं आणि डावीकडून आली. अण्णांचा अंगठा अडला.

"माफ करा मामा," म्हणाली आणि कुऱ्हाड घातली.

"खेळात माफी न्हाई मागायची!" अण्णा ओरडले. "दम वाया जातो! पुढं बघ, मी पळायलोय!" आणि खरंच लंगडत निघाले. तिनं दुसरा घाव माफी न मागता घातला. उचललं आणि पिंजऱ्यात टाकलं.

"बाद!" अण्णांनीच जाहीर केलं, मैदानावर करायचे तसं, हात वर करून. मग आमच्यावर डाफरले, "बघता काय तोंडाकडं? सोडवा मला! गडी अडकलाय तुमचा!" मुलगा धावला, तोही पडला. मुलगी पडली. मी सगळ्यात शेवटी. सगळे पिंजऱ्यात आणि माझी बायको घामाघूम होऊन फोन मांडीवर ठेवून बसलेली, पदर कुठे गेला होता ते तिलाच माहीत नव्हतं.

अण्णा तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "तुझी सासू असती तर एवढंबी पळू दिलं नसतं मला. पहिल्याच वळणाला धरलं असतं."

थंडीपासून त्यांच्या तोंडून आईचा पहिला उल्लेख. मुलीनं माझ्याकडे बघितलं. बायको मात्र अजून खेळातच होती. मान वर न करता म्हणाली, "धरलं असतं अन् शेंगा सोलायला बसवलं असतं."

अण्णा हसायला लागले. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. "बसवलं असतं," म्हणाले. "खरंय. लय कडक. एकदा मैदानावर माझा डबा घिऊन आली. सामना चालू. मी एका पोराला बाद दिला, अन् ही सगळ्या गावासमोर म्हणाली, न्हाई झाला बाद. मला. पंचाला."

"मग?" मुलीनं विचारलं.

मुलाचं लक्ष फोनकडे होतं. "आबा, नवीन डाव सुरू होतोय. येताय ना?"

"थांब रे जरा," अण्णा म्हणाले. "आधी हे ऐक."