नाव तेवढं बदललं

खिशातला पेन काढण्याआधी ते विचारायचे, "तुमी सोता पाह्यलं, का आयकलं?" ऐकीव असलं की पेन खिशातच राहायचा.

नागपूरच्या एका दैनिकाचे ते पुलगावचे वार्ताहर. मी त्याच दैनिकाचा एजंट, स्टेशनाबाहेर माझा स्टॉल. सकाळी गठ्ठा सुटला की आपली बातमी शोधायचे आणि कडवट हसायचे. "कापली लेकायनं!"

गावाबाहेरच्या एका जिनिंग कारखान्याला आग लागली तेव्हा कापूस लोटणारी एक बाई आत जळून मेली. शेडचं दार बाहेरून बंद होतं. तिच्या नवऱ्याजवळ बसून यांनी सगळं लिहून घेतलं. छापून आलं एवढंच, की आगीत मजूर स्त्री ठार. दाराचा उल्लेखही नाही. खाली जिनिंगची जाहिरात.

त्यांनी वार्ताहरकी सोडली. "आता कादंबरीच लेहतो. तिथं कोन कापते, पाहू!"

काही वर्षं बायकोच्या शिवणकामावर घर चाललं. मग पुण्याला कादंबरी निघाली, तिला पुरस्कार मिळाला. गावानं सत्कार ठेवला. शाल घातली जिनिंगच्या मालकानं.

का घालू नये? कादंबरीतली बाई मुकादमाला भेटायला शेडमध्ये जाते आणि कडी आतून लावते. प्रकाशकाला प्रेमकथा हवी होती म्हणे. बाईचं नाव तेवढं बदललेलं. हनुवटीवरचं गोंदण, घर, गल्ली, सगळं तेच.

कार्यक्रम संपल्यावर तिचा नवरा पुढे आला. त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक त्या आठवड्यात मोडली होती.

"भाऊ, माही बायको कामाले गेलती. मीच तुमाले सांगतलं होतं. मंग असं काऊन लेहलं?"

"कादंबरी हाय ते. तुमची बायको नोहे."

"मंग लोक तिचंच नाव काऊन घेऊन राह्यले?"

खांद्यावरची शाल काढायचंही त्यांना सुचलं नाही.

बापलेक गाव सोडून वडनेरला गेले. वर्षभरानं हे तिथं जाऊन आले. आल्यावर माझ्या स्टॉलच्या बाकावर बसले.

"पोरगी वावरात कापूस येचून राह्यलती," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाई, आता खरं लेहतो. तं म्हने, काका, आता आमचं काहीच लेहू नका."

पुढं ते पुण्याला गेले ते कायमचे. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव मी कधी ऐकलं नाही. त्या कादंबरीच्या मात्र आवृत्त्या निघत राहिल्या. कॉलेजची पोरं अधूनमधून स्टॉलवर तिची चौकशी करतात.

मी सांगतो, मिळत नाही.