बनूबाई आणि त्यांनी हरवलेली एकुलती एक बाई

बनूबाईंच्या निरोपाचं भाषण मी करायचं, असं क्लबाने ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही. सेक्रेटरी चौबळ दारात उभे राहून सांगून गेले, "तुम्ही बी.ए. झालेल्या. शिवाय बनूबाईंचा खेळ तुमच्याइतका जवळून पाहिलाय कुणी?"

हे मात्र खरं होतं. आमच्या क्लबात बायकांच्या टेनिसमध्ये बनूबाई सलग सात वर्षं पहिल्या आल्या, आणि सातही वर्षं जाळीच्या पलीकडे मी होते. दुसरं कुणी नव्हतंच. स्पर्धेला नावंच दोन यायची.

घरातले झोपल्यावर भाषण लिहायला बसले. "बनूबाईंनी आपल्याकडच्या महिला टेनिसची पातळी उंचावली," असं पहिलं वाक्य लिहिलं आणि थांबले. पातळी म्हणजे मी. मी तर होते तिथेच होते. मग लिहिलं, "त्यांनी भल्याभल्यांना नमवलं." तेही खोडलं. भलीभली कोण, तर मीच. त्यांना फार मोठं म्हणावं तर एका माझ्यासारखीला हरवण्यात मोठेपणा कसला, आणि लहान म्हणावं तर मग माझं काय राहतं?

सकाळी ह्यांना विचारलं. वर्तमानपत्राच्या मागून उत्तर आलं, "सातत्य लिही. सात वर्षं एकाच माणसाला हरवत राहायचं, तेही कंटाळा न करता. सोपं नाही ते."

अंबरनाथला आमच्या कारखान्याची वसाहत आहे. तिच्या टोकाला क्लब आणि क्लबामागे एकच टेनिस कोर्ट, माती चोपून वर शेणाने सारवलेलं. रोज संध्याकाळी तिथे साहेब लोक खेळत. पन्नास साली मोठ्या साहेबांच्या पत्नीने हट्टाने शनिवारी दुपारचा एक तास बायकांसाठी मिळवला, वर्षाची एक स्पर्धा ठरवली, आणि लगेच साहेबांची बदली झाली. त्या तासाला उरले मी. कॉलेजात मी टेनिस खेळत असे, अशी वसाहतीत माझी ख्याती होती. ख्यातीला आधार म्हणून रॅकेट हातात धरलेला माझा एक फोटो आहे. फोटोत चेंडू नाही.

स्पर्धेसाठी चषक आणायला हे आणि चौबळ कॅम्पात गेले, म्हणजे आताच्या उल्हासनगरात. लष्कर उठून गेलं तेव्हा मागे राहिलेलं सामान तिथल्या सिंधी दुकानांतून ढिगाने मिळे. "साईं, चांदी है, असली चांदी," असं म्हणत दुकानदाराने चषक कागदात गुंडाळून दिला. चांदी दिवाळीपर्यंत टिकली. मग खालून पितळ निघालं आणि पितळेवर अर्धवट खरवडलेली इंग्रजी अक्षरं. वसाहतीतल्या बायकांत इंग्रजी मलाच येत असल्यामुळे ती मी मोठ्याने वाचून दाखवली. लष्करातल्या सर्वोत्तम खेचराचं ते बक्षीस होतं.

तोवर चषक बनूबाईंच्या घरी गेला होता. त्या म्हणाल्या, "खेचर तर खेचर. पहिला नंबर हाय ना?"

बनूबाई हिरामण फोरमनच्या पत्नी. माहेर-सासर दोन्ही बदलापूरकडचं, भातशेतीवालं. हेंद्रेपाड्याला त्यांचं घर होतं, पण नोकरीमुळे राहणं वसाहतीत. पहिल्यांदा त्या कोर्टावर आल्या त्या खेळायला नव्हे, भांडायला. मी एकटीच भिंतीवर चेंडू मारत होते. प्रत्येक फटक्याआधी मला चौबळांच्या खिडकीच्या काचा आठवत, त्यामुळे चेंडू भिंतीपर्यंत जातच नसे. तेवढ्यात बनूबाई कुंपणातून आत शिरल्या आणि माळ्यावर ओरडल्या, "ह्याला सारवन म्हनतात का रं? का बैलानं पाय पुसलेत?"

माळी म्हणाला, "तुम्हीच करा मग."

त्यांनी केलं. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून अर्धं कोर्ट सारवून काढलं. पुढच्या शनिवारी ते सुकल्यावर पुन्हा आल्या आणि मला म्हणाल्या, "सारवलं मी, मग तुम्ही एकट्याच कशा नाचताय? द्या ती फळी इकडं."

मी त्यांना गुण मोजायला शिकवलं. पंधरा, तीस, चाळीस.

"चाळीस? पंचेचाळीस पायजे. मधले पाच कुनी खाल्ले?"

"इंग्रजांनी," मी वैतागून म्हटलं.

"तरीच घालवले त्यांना."

मी शिकवलेलं एवढंच. पुढच्या महिन्यात त्यांनी मला हरवलं. मी पाचवारी गोल साडीत. निऱ्या पायांत येत, पदर रॅकेटमध्ये अडके. त्या कासोट्यात मोकळ्या धावत. चेंडू सुरू करताना मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे हात डोक्यावर नेई आणि चेंडू जाळीत घाली. त्या खालून, पहाटे अंगणात सडा टाकावा तशा मनगटाने चेंडू टाकत. तो अलगद यायचा, टप्पा पडला की जागीच बसायचा. मी वाकून त्याच्याकडे बघत राहायची.

त्यातून कधी माझा खेळ जमला, तर त्या ठेवणीतलं काढत. मी फटका मारणार इतक्यात ओरडत, "ओ बीए, दूध उतू चाललं!"

मी दर वेळी घराकडे वळून बघे. आमच्या क्वार्टरची खिडकी कोर्टावरून दिसते. चेंडू मागे पडलेला असे, आणि खिडकीत काहीही नसे. चौबळांकडे मी तक्रारही केली. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि दुधाचा उल्लेख नाही असं सांगितलं.

बनूबाई जिंकल्या की ते मनात ठेवत नसत. साऱ्या वसाहतीत फिरून सांगत. भाजीवालीलासुद्धा सांगत, "ही बीए. हिला मी हरवते." भाजीवाली माझ्याकडे दयेने पाहून चार मिरच्या जास्त घाली.

या सगळ्याला साक्षीदार एकच होती, माझी मुलगी कुंदा. आधी ती आठ वर्षांची होती, आता पंधराची. मी तिला कोर्टाबाहेरच्या बाकावर, सावलीत, टोपी घालून बसवत असे. एकटी घरी ठेवावी तर चूल, विहीर आणि बंबाची भीती. खेळू द्यावी तर ऊन. मुळात ती सावळी. गुडघ्याला एखादा व्रण राहिला आणि पुढे बघायला आलेल्यांनी विचारलं तर काय सांगायचं? बनूबाई म्हणत, "खेळू द्या की पोरीला. बसवून बसवून मोड आनाल तिला." मी म्हणे, "मॅट्रिक होऊ दे." कुंदा टोपीखालून फक्त बघत असे.

यंदा हिरामण फोरमन पेन्शनीत निघाले. क्वार्टर सोडून दोघं हेंद्रेपाड्याला जाणार, शेती बघणार. बनूबाईंचा उजवा गुडघाही कुरकुरत होता. त्यांनी जाहीर केलं, "आता टेनिस बंद. बीएला किती मारायचं?"

मला हायसं वाटलं. तेवढ्यात चौबळांनी कळवलं, की निरोपाच्या चहापर्यंत यंदाच्या स्पर्धेला बायकांची दोन नावं आली नाहीत, तर बायकांचा तास बंद. ती वेळ नव्या ज्युनिअर साहेबांना मिळेल. एकटी बाई कुणाशी खेळणार?

मी घरोघर फिरले. एकीला ऊन सोसत नव्हतं, एकीला सासू सोसत नव्हती. बनूबाईही फिरल्या. रागाने म्हणाल्या, "क्लबात फळ्यावर माझं नाव सात वेळा लिवलंय. बायाच येनार नसल्या तर ते वाचनार कोन? चौबळ?" मग माझ्याकडे बघून, "घरात एक नाव हाय तुमच्या."

"मॅट्रिक होऊ दे," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मी स्वतःची समजूत घातली होती. तास बंद व्हायच्या आधी यंदाची स्पर्धा झाली असं धरलं, तर एकटं नाव माझंच. बिनविरोध. कपाटात खेचराच्या चषकापुरती जागाही मी मोकळी केली. चिनीमातीची बरणी खाली ठेवली.

निरोपाच्या शनिवारी चहाआधी बनूबाईंचा आणि माझा शेवटचा एक सेट ठेवला होता. सारी वसाहत कुंपणाशी जमली. माझं भाषण कमरेला खोचलेलं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, माझे चेंडू जाळीपलीकडे जाऊ लागले. बनूबाईंचा गुडघा वळत नव्हता, हे कारण असेल. पण हरणाऱ्याने कारणं शोधावीत, मी का शोधू? शेवटी वेळ अशी आली, की आणखी एक गेम घेतला की सेट माझा. सात वर्षांत पहिल्यांदा.

"ओ बीए, दूध!" बनूबाई ओरडल्या. मी वळले नाही. चेंडू परत मारला, तो त्यांच्या डाव्या हाताला गेला, त्या वळल्या आणि मट्‌कन खाली बसल्या.

हिरामण धावत आले. "उठ, चल घरी. झालं तुझं."

"झालं कुठं? गेम बाकी हाय." त्यांनी बाकाकडे हात केला. "कुंदे, ये गो. घे ही फळी. माझा गेम तू खेळ."

चौबळ पुढे झाले. "असं नियमात नाही, बनूबाई. आणि ही लहान आहे."

"नियमात मी तरी कुठं होते? शेन सारवायला आले होते."

लोक हसले. कुंदाने टोपी काढून बाकावर ठेवली, परकर खोचला आणि माझ्याकडे न बघता कोर्टावर आली. पोटऱ्या उघड्या. माझ्या तोंडून निघालं, "अगं, परकर! ऊन बघ किती आहे. हळू, ओलं आहे तिथे!"

एवढं बोलेपर्यंत पहिला चेंडू येऊन पायाशी बसलासुद्धा होता. खालून टाकलेला, सडा टाकल्यासारखा. मनगट हुबेहूब बनूबाईंचं. बाकावर बसून तिने सात वर्षं काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या चेंडूला ती घसरून पडली. मी रॅकेट टाकून निम्म्या वाटेवर गेले. ती उठून म्हणाली, "आई, जागेवर जा ना. लोक बघतायत." गुडघा चांगलाच सोलला होता. मी जागेवर गेले. पुढचे दोन गुण मी घेतले. मला आश्चर्य याचं वाटलं, की तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी तिच्या उलट्या बाजूला चेंडू टाकत होते. एरवी ती शिंकली तरी मी काढा करते.

चाळीस-चाळीस झाले. मग एक गुण तिचा. पुढच्या चेंडूला ती जाळीजवळ आली होती, मागचं सगळं कोर्ट मोकळं. नुसता ढकलला असता तरी चालला असता. मी रॅकेट मागे नेली.

"आई, दूध!"

मला ठाऊक होतं. दूधवाला त्या दिवशी आलाही नव्हता. घरात दूध नव्हतं, चूल विझलेली होती. तरी मी वळले.

चेंडू माझ्यामागे टप्पे घेत कुंपणाला लागला. बनूबाई बाकावर मांडी थोपटत हसत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या. "शिकली! पोरगी शिकली गो!"

गेम तिचा झाला, म्हणजे सेटची बरोबरी. चौबळांनी घड्याळ बघितलं. चहा गार होत होता. ते मला म्हणाले, "मग? दुसरं नाव हिचं लिहायचं का? आई म्हणून तुमची परवानगी लागेल."

उन्हाचं, व्रणाचं, मॅट्रिकचं, सगळं माझ्या ओठावर तयार होतं. सात वर्षं तेच बोलत आले होते. तोंडातून मात्र आलं ते असं, "परवानगी कसली घेऊन बसलात? लिहा. मला तिला हरवायचंय. कुंदा, चल, सेट पुरा कर."

"चहा घेऊ द्या लोकांना," हे कुंपणाबाहेरून म्हणाले.

सेट पुरा झाला. निकाल सांगण्यासारखा नाही. उपविजेतेपदाची सवय लागली की ती अशी एका दिवसात सुटत नाही.

भाषण मी केलं नाही. धावपळीत कमरेचा कागद घामाने विरला होता आणि त्यात होतं तरी काय? बनूबाईंनीच दोन शब्द बोलून चहा संपवला. "मी हिला सात वर्षं हरवलं. आता पोरगी हरवील. हिचं नशीब बरं, घरातच सोय झाली."

चषक त्यांनी कुंदाच्या हातात दिला नाही. म्हणाल्या, "जिंकून घे. फुकट नाय मिळनार, खेचराचा हाय." तो घेऊन त्या हेंद्रेपाड्याला गेल्या. गुडघा बरा असला की शनिवारी येतात, बाकावर पाय लांब करून बसतात आणि आम्हा दोघींना शिव्या घालतात. मला जास्त. कपाटातली चषकाची जागा अजून मोकळीच आहे. बरणी मी परत वर ठेवलेली नाही.

बायकांचा तास चालू आहे. परवा चौबळांच्या सूनबाई कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. त्याही गोल साडीत.

कुंदाच्या गुडघ्यावर हळद लावून लावून डाग मात्र राहिलाच. स्थळं बघायला लागू तेव्हा काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. शनिवारी दूध मी आता सकाळीच तापवून, झाकून, वर वजन ठेवून जाते. तरी ती ओरडली की मान वळतेच.