सासूबाईंचा शेक

"भिया, है तो रखवाला, पर पूछता नहीं किसका," असं पोरांना इंदुरी ढंगात सांगून माझी मैत्रीण खडू टेबलावर ठेवायची.

देवासच्या आमच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि शेजारच्या वर्गात मी रसायनशास्त्र. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिचा स्ट्रेस प्रोटीनचा धडा मला ऐकून पाठ झाला होता. उष्णतेनं किंवा इजेनं पेशी घायकुतीला आली की ही प्रोटीनं धावून येतात, विस्कटणाऱ्या बाकीच्या प्रोटीनांना सावरून धरतात आणि पेशी वाचते. कॅन्सरची पेशी तर सदाच हलाखीत. तीही हाच आधार घेते आणि मरायच्या वेळी मरत नाही. हे सगळं ती हिंदीत सांगायची, आणि कुणी पेंगायला लागलं की मराठीत वैतागायची. वर्गाला मराठी फारसं कळत नसे, पण जाग यायची.

माहेर धारचं. सासरी सासूबाई, जुन्या वळणाच्या आणि कडक. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेला कधी नावानं हाक मारली नव्हती, सगळा संसार "अगं ए" वर चालला होता. अशा सासूबाई तुम्हीही पाहिल्या असतील. ती मात्र हे हसून सांगायची.

मग तिच्या छातीत गाठ लागली. सासूबाईंनी एरंडाचं पान तेल लावून तव्यावर गरम केलं आणि रोज संध्याकाळी तिला जवळ बसवून शेकायला लागल्या. शेकता शेकता आपल्या बाळंतपणांचं बोलायच्या, लहानपणीच गेलेल्या मुलीचं बोलायच्या. एक दिवस तर नावानं हाक मारली म्हणे.

मी भडकले. "शिकवतेस काय आणि करतेस काय? उद्याच्या उद्या इंदूरला चल तपासायला."

"जाऊ गं. पण कधी नव्हे ते जवळ घेतायत. आत्ता नाही कसं म्हणू?"

अख्खा पावसाळा असाच गेला. काय म्हणावं या बाईला? शेवटी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. मी ढसाढसा रडले, आणि तीच मला समजावत बसली.

"शेकानं काही वाढलं नाही गं. वेळ गेला, बस. सासूबाईंना मात्र हे कळू देऊ नकोस. मोडून जातील."

फाल्गुनात ती गेली.

तेराव्याला सासूबाईंनी मला शेजारी बसवलं. "तू शिकलेली आहेस. खरं सांग, शेकायला मी उशीर केला का गं?"

"नाही हो काकू, वेळेवरच केलंत," मी म्हटलं.

त्यांना बरं वाटलं. मला अजून त्यांचा राग येतो.