कलमचाचांचा शुक्रवार

कलमचाचा कुठलाही कागद मनात वाचत नसत. कंपनीचं पत्र असो की औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, ते चष्मा पुसायचे, खुर्चीत ताठ बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. "मनात वाचलं की माणूस नको ती ओळ गाळतो, बाय," असं मला सांगायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. दोहामधल्या आमच्या कंपनीत बावीस वर्षं अरबी टायपिस्ट. कामगार कायद्याची कलमं तोंडपाठ, म्हणून गार्ड लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं.

आमची कंपनी हॉटेलांना, टॉवरांना सिक्युरिटी गार्ड पुरवायची. वर्ल्ड कप जवळ येत होता, दर महिन्याला नवं हॉटेल उघडत होतं आणि केनिया, घाना, नेपाळहून माणसं भरून येत होती. कोण कुठे उभं राहणार याचा तक्ता मी तयार करायचे. तक्त्यात नावाशेजारी देशाचा रकाना होता. लॉबीत काळे गार्ड नकोत, असं हॉटेलवाले फोनवर सांगायचे. लिहून कधीच द्यायचे नाहीत. मग मी आफ्रिकेतल्या माणसांना बाहेरच्या गेटावर टाकायचे, भर दुपारच्या पाळीला. हे माझं काम होतं. मी ते नीट करायचे.

शुक्रवारी सकाळी चाचा दोहाहून बसने अल खोर गावी यायचे. तिथल्या एका छोट्या चहाच्या हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये आठ-दहा गार्ड जमायचे. माझे मिस्टर जवळच्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात, आमचं घर अल खोरलाच, म्हणून मीही एकदा कुतूहलाने गेले आणि मग जातच राहिले. चाचा अरबी ओळ वाचायचे, मग हिंदीत सांगायचे, मग मोडक्या इंग्रजीत. वंशावरून भेद करायचा नाही असं या देशाच्या घटनेत लिहिलंय. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करून घ्यायचं नाही असा नियम आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. गार्ड ऐकायचे आणि हसायचे, कारण त्यांच्यापैकी कोणाचाच पासपोर्ट त्यांच्याकडे नव्हता.

"हसा," चाचा म्हणायचे, "पण हसून झाल्यावर लिहा. कोण बोललं, काय बोललं, कुठल्या दिवशी."

त्यांत ओटिएनो नावाचा केनियाचा एक गार्ड होता. गावी तो शाळेत शिक्षक होता. त्याने खरंच लिहून ठेवलं. गेटावर चक्कर येऊन पडला त्या दिवशी सुपरवायझर त्याला म्हणाला होता, "तुम्हाला उन्हाचं काय? तुम्ही तिकडचेच." हे वाक्य त्याने वहीत इंग्रजीत, सुंदर अक्षरात उतरवलं होतं. चाचांनी ते मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

कामगार खात्याकडे तक्रार करायचं ठरलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चाचा माझ्या टेबलाशी आले.

"बाय, वही एका माणसाची. कंपनी म्हणेल, खोटं बोलतो. तुझे तीन महिन्यांचे तक्ते दे. त्यांत देशाचा रकाना आहे. सगळे काळे बाहेर, एकही आत नाही, हे कागदच सांगेल."

"बघते चाचा. इन्शाल्ला."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या वेळी ते हळूच म्हणाले, "अल्लाचं नाव मधे कशाला घेतेस? तू नाही म्हणतेयस."

घरी मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण इथे पाहुणे आहोत. मुलीची शाळा चालू आहे." ते चूक बोलले नव्हते. मला तेवढं निमित्त पुरलं.

तक्रार तक्त्यांवाचूनच गेली. सुनावणीत कंपनीने सांगितलं की नेमणुका तब्येत आणि अनुभव पाहून होतात. पुरावा काय, असं विचारल्यावर ओटिएनोने वही पुढे केली. ती कोणी उघडलीही नाही, असं चाचांनी मला सांगितलं. महिन्याभरात ओटिएनोला विमानात बसवलं. मग चाचांना बोलावणं आलं. आता टायपिंगचं काम बाहेर देणार, व्हिसा कॅन्सल, खलास. बावीस वर्षांचा माणूस दहा मिनिटांत केबिनबाहेर आला.

ते निघाले त्या दिवशी मी दोहातल्या अल सद्द भागात त्यांच्या खोलीवर गेले. पर्समध्ये तीन महिन्यांचे तक्ते होते. कसे काढले, कधी काढले, मला आता आठवत नाही. चाचा पलंगावर बसले आणि वाचू लागले. नाव, देश, गेट. नाव, देश, गेट. सवयीप्रमाणे मोठ्याने. सगळी पानं संपेपर्यंत मी दारात उभी होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"टायपिंग स्वच्छ आहे तुझं," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत दिले. "मी आता चाललो. मला काय उपयोग?"

गावाहून ते दर शुक्रवारी फोन करायचे. "वर्गाला कोण गेलं?" मी म्हणायचे, कोणी नाही. त्यांचा आवाज दर वेळी खाली जायचा. किडनीचं दुखणं निघालं होतं. एका शुक्रवारी त्यांना धाप लागत होती, आणि माझ्याने खरं बोलवलं नाही. "मी गेले होते चाचा. अकरा जण होते."

"अकरा?" ते खूश झाले. "काय काय विचारलं त्यांनी?"

मला एकही प्रश्न सुचला नाही. मग चाचाच म्हणाले, "असू दे, बाय. पुढच्या वेळी विचारतील." त्यांना कळलं होतं.

बुधवारी ते गेले. त्यांच्या मुलाने कळवलं.

शुक्रवारी मी त्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसले. मिस्टरांना सांगून गेले. तिघेच आले. मला अरबी येत नाही, म्हणून चाचांनी हिंदीत उतरवून दिलेली पानं वाचली, माझ्या इंग्रजीत सांगितली. संपल्यावर घानाचा एक उंच गार्ड, माझ्याच तक्त्यातला, बाहेरच्या गेटावरचा, म्हणाला, "मॅडम, तक्रार केली तर काय होतं?"

खोटं बोलायला जीभ उचलली नाही. ओटिएनोचं सांगितलं. चाचांचं सांगितलं. तक्ते मी दिले नाहीत, तेही सांगितलं. बाकीचे दोघे उठून गेले.

तो बसून राहिला. चहा संपवला, कप बाजूला सारला.

"आणि आता देणार?" त्याने विचारलं.

मी पर्स उघडून ते तक्ते टेबलावर ठेवले.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तक्रारीवर माझं नाव लिहा."