काचेची पट्टी

स्वयंपाकघराच्या भिंतीला बारीक तडा गेला, तेव्हा शेजारच्या नामदेवभाऊंनी त्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून सिमेंटने पक्की केली. त्यांची सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली आणि आमच्या वस्तीखालीही एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. "जमीन हलली तर काच आधी फुटंल जी," ते म्हणाले. "रोज पाहत जा."

तेव्हापासून सकाळी उठलो की मी आधी काच पाहतो. बायको म्हणते, "अहो, देवाकडे तरी कधी एवढं निरखून पाहिलंत का?" पण गॅस पेटवण्याआधी तिचीही नजर तिकडे जातेच.

काचेवर कोवळं ऊन आलं की माझं मन फरशीखाली उतरतं. तिथे अंधारात कोळशाचे चौकोनी खांब ओळीने उभे असतात. खोदणाऱ्यांनी आजूबाजूचा कोळसा नेला आणि छत पेलायला एवढा जागेवर सोडला. खाणीच्या हिशोबात तो न निघालेला माल. माझ्या हिशोबात तेच माझं घर. या खांबांच्या कडा हळूहळू झडतात म्हणे. किती झडल्या, ते वरून मोजता येत नाही. मला मोजता येते ती फक्त ही वीतभर काच.

"आहे ना धड?" बायको पाठमोरीच विचारते.

"आहे."

ती गॅस पेटवते. खालचा तो कोळसा कुणाच्याच चुलीत गेला नाही, म्हणून आमची चूल रोज पेटते.