रेग्युलेटरचे दोन-अडीच आटे

नेमबाजाचा खरा प्राण म्हणजे त्याचं मन होय. अंथुर्ण्यातल्या सत्काराला प्रमुख पाहुणे असं म्हणाले आणि टाळ्या पडल्या. माझ्या पुतणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या हातांत शाल आणि नारळ होता. शिवाय तिला माहीत होतं, की एअर रायफलचा प्राण म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा. ही हवा प्रत्येक गोळीमागे सारख्याच दाबाने सोडायचं काम आतला एक छोटा रेग्युलेटर करतो. तो बिनसला तर मन कितीही स्थिर असो, गोळी ठिपका सोडून भलतीकडे जाते.

सत्कार कशाबद्दल होता, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. राज्याच्या संघासाठीची निवड स्पर्धा दुसऱ्या दिवशी पुण्यात व्हायची होती. पण निवड झाल्यानंतरची तारीख पाहुण्यांना सोयीची नव्हती, म्हणून गावाने सत्कार आधीच उरकून घेतला. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं तर रायफल ठेवून द्यायची आणि पोलीस भरतीची तयारी करायची, असं तिनेच ठरवलं होतं. आम्हा कुणाला विचारलं नव्हतं.

पहिली गोळी पाहुण्यांनी झाडायची होती. मंडपातल्या लक्ष्यावर त्यांनी नेम धरला, फोटोवाल्यासाठी पुन्हा धरला, आणि चाप ओढला. सोड्याची बाटली उघडावी तसा या रायफलचा आवाज एरवी होतो. त्या दिवशी तेवढाही झाला नाही. फुस्स झालं.

"सायेबांची ट्यूब पंक्चर झाली जणू," मागून कुणीतरी म्हणालं. फेटे हसले.

पुतणी पुढे झाली. रायफल हातात घेऊन तिने वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हळूच विचारलं, "आबा, हिला कुणी हात लावलाय का?"

"न्हाय गं. कोण लावणार?" दादा म्हणाला, आणि पाहुण्यांची खुर्ची सरळ करायला गेला.

मी मुक्कामाला राहिलो होतो. पहाटे जीपने निघालो, ती पुढे, आम्ही भाऊ मागे. लासुर्णे गेलं, भवानीनगर गेलं. कन्हेरीच्या फाट्यावर चहाला उतरलो तेव्हा दादाने कप न उचलता सांगितलं, "रायफलीचा त्यो स्क्रू मी फिरवलाय."

सत्कार ठेवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी सत्काराच्या आदल्या दिवशी त्याला गाठलं होतं. एवढा मोठा माणूस येणार, बार निघाला पायजे, लोकांना कळलं पायजे. दादाची सारी हयात उसाच्या ठिबकमध्ये गेली. प्रेशर वाढवलं की शेवटच्या नळीपर्यंत पाणी पोचतं, हे त्याला पाठ. त्याने ॲलन की घेतली, रेग्युलेटरचा स्क्रू फिरवला आणि प्रेशर वाढवलं.

रायफलमध्ये हे उलटं होतं. आतली झडप एका हातोडीच्या ठोक्याने क्षणभर उघडते. तिच्यामागचा दाब फार वाढला तर ठोक्याचा जोर पुरत नाही, झडप नीट उघडत नाही. आतून कुणी दार दाबून धरावं तसं. प्रेशर जास्त, गोळी हळू.

पुतणी ओरडेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "किती आटे?"

"दोन असतील."

"असतील?"

"न्हायतर अडीच. लाईट गेलती."

ती जीपमधून रायफल घेऊन आली. सिलिंडर काढला, आत अडकलेली हवा सोडून दिली. ती मात्र अशी जोरात सुटली, की चहावाल्याने वळून पाहिलं. दादाने मान खाली घातली. बार निघाला होता.

तिने स्क्रू अंदाजाने मागे फिरवला. गोळीचा वेग मोजायचं यंत्र बारामतीला तिच्या सरावाच्या रेंजवर होतं, पण रेंजला कुलूप होतं आणि प्रशिक्षक आधीच पुण्यात पोचले होते.

"काल इचारलं तवाच सांगायचं हुतं, आबा."

"लोकं हुती गं."

"व्हय. लोकं हुती."

पुढे पुण्यापर्यंत जीप थांबली नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं.

तिथे तिने सिलिंडर भरून घेतला आणि उभी राहिली. सुरुवातीच्या गोळ्या वर-खाली विखुरल्या. ती दर वेळी रायफल खाली घेई, श्वास सोडी, पुन्हा उचली. मन स्थिर होतं, तेवढं मलाही दिसत होतं. शेवटी शेवटी गोळ्या एकमेकींना चिकटून बसू लागल्या. निवड थोडक्यात हुकली.

परतताना दादाने विचारलं, "आता नीट झाली का गं ती?"

"झाली. शेवटच्या धा बराबर गेल्या."

त्याला बरं वाटलं. "मग झालं तर," तो म्हणाला, आणि जरा वेळाने त्याला झोप लागली. पुतणी आता पहाटे कालव्याच्या कडेने धावायला जाते.

पुढे एकदा बारामतीत तिचे प्रशिक्षक भेटले, तेव्हा मी त्यांना त्या दिवसाबद्दल विचारलं. ते म्हणाले, फिरवलेला रेग्युलेटर पुन्हा नीट बसायला पन्नासेक गोळ्या लागतात. स्पर्धा साठ गोळ्यांची असते.